अंकलचा डावा हात

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कोरपन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत, तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागले. मी मूळची नागभीडची. वडील रेल्वेत होते आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांच्या मांडीशी बसून मलाही थोडंफार यायला लागलं होतं. मुलाखतीत मी हे बोलून बसले आणि गणिताबरोबर संगीताचा तासही माझ्याच गळ्यात पडला.

कॉलनीत सगळ्यावर एक करडा थर असायचा. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. रोज तीनच्या सुमारास चुनखडीच्या खाणीत सुरुंगाचा भोंगा व्हायचा, मग क्षणभर सगळं चिडीचूप, आणि मग जमीन खालून कुणी खांदा लावल्यासारखी हलायची. मांडणीवरची भांडी वाजायची. नवा माणूस दचकायचा. आठवड्याभरात त्याला त्याची सवय व्हायची.

कॉलनीच्या क्लबात एक पियानो होता. कुण्या जुन्या इंजिनिअरच्या बायकोनं कलकत्त्याहून आणलेला, आणि बदली झाल्यावर इथंच टाकून दिलेला. तो कुणालाच वाजवता येत नव्हता. वाढदिवसाच्या पार्ट्यांना त्याच्यावर केकचे खोके ठेवत.

एका दुपारी शाळेची पेटी आणायला म्हणून मी क्लबात गेले. पडदे ओढलेले, आत अंधार. मी पेटी उचलली आणि तेवढ्यात खाणीत स्फोट झाला. जमीन हलली, थांबली. आणि मग कोपऱ्यातून आवाज आला. कुणीतरी बंद तोंडानं, खूप लांबून, हुंकार द्यावा तसा.

"थांब. हलू नको," अंधारातून कुणीतरी म्हणालं. "अजून संपला नाय तो."

पियानोच्या समोर खुर्चीत एक म्हातारा माणूस बसला होता. मी पाच मिनिटांपासून तिथं होते आणि मला तो दिसला नव्हता. हुंकार हळूहळू विरला. मग त्यांनी मान डोलावली, जशी मैफलीत समेवर डोलावतात.

"रोज तीनला येतो," ते म्हणाले. "आपण वाजवायचं नाय, तर तो आपला आपला वाजतो. तू टीचर ना?"

ते आमच्या कॉलनीच्या डॉक्टरबाईंचे वडील, मूळचे गोव्याचे. पंधरा दिवसांपूर्वीच मुंबईहून आले होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, पण डावा हात गेला तो गेलाच. कॉलनीत त्यांना सगळे अंकल म्हणू लागले, मीही.

ते कोण होते हे मला पुढं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, जास्त करून डॉक्टरबाईंकडून. चाळीस वर्षं त्यांनी मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या मोठ्या हॉटेलांत जाझ वाजवला. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, संध्याकाळी हॉटेलात. ज्यांची नावं पुढं मोठी झाली असे कितीतरी वादक त्यांच्या शेजारी बसून शिकले. "डॅडी एक गाणं आयुष्यात दोनदा सारखं वाजवत नसत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लोक ऐकायला येत ते आज काय वेगळं होतं ते बघायला." त्यांच्या बोलण्यात अभिमान होता, पण त्याखाली कुठंतरी कोरडेपणाही होता, तो मला तेव्हा समजला नाही.

त्यांना शिष्य हवा होता असं मला वाटत नाही. त्यांना हात हवा होता.

"तू इथं बस, डाव्या बाजूला," दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले. "मी इथं. तुझा डावा हात मला दे. सुरांची नावं नको शिकू, टाइम नाय. मी दाखवतो तिथं बोट ठेव."

चंद्रपूरहून एका चाचांना बोलावून त्यांनी पियानो दुरुस्त करून घेतला. चाचा पेट्या बनवायचे, तीन पिढ्यांचा धंदा. पियानो त्यांनी आयुष्यात दोनच पाहिले होते. आत कुंभारमाशीची मातीची घरं निघाली, एक वाळून कागद झालेली पाल निघाली. दोन दिवस खपून त्यांनी तारा लावल्या. स्फोटानंतरच्या हुंकाराबद्दल मी त्यांना विचारलं.

"तारा हायेत न बाई, हादरल्या का बोलतेच," ते म्हणाले. मग झाकण लावता लावता, "पन हा थोडा जास्तच बोलून राह्यला."

शाळा सुटल्यावर रोज तासभर आम्ही बसायचो. सुरुवातीला माझा हात पुढंच पळायचा. पेटीवर उजव्या हातानं सूर काढायचे आणि डाव्यानं भाता हलवायचा, एवढंच मला येत होतं. माझ्या डाव्या हाताला सुरांची ओळखच नव्हती. अंकल चिडत नसत, पण उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून उचलून हवेत धरत आणि वाट बघत. ते चिडण्यापेक्षा वाईट होतं.

एक दिवस त्यांनी विचारलं, "तुझ्या गावात काय पिकतं?"

"धान."

"कसं लावतात? करून दाखव."

मी उठून हॉलच्या फरशीवर वाकले आणि रोवणी कशी करतात ते दाखवलं. मुठीतून रोप काढायचं, चिखलात रोवायचं, पाय मागं घ्यायचा. आमच्याकडे बाया एका ओळीत मागं मागं सरकत गाणं म्हणतात. चिखल पाय सोडत नाही, म्हणून पाऊल थोडं उशिरा निघतं, आणि गाणंही मग त्या पावलासाठी जरासं थांबतं. तसं मी चालून दाखवलं, आणि गाण्याच्या दोन ओळीही म्हटल्या.

अंकल खुर्चीतून अर्धे उठले. "हेच! तो उशीर. तो चिखल. हेच पोरांना सांगता सांगता माझी अर्धी जिंदगी गेली आणि तू चालून दाखवतेस! आता तसंच वाजव. मागं मागं जात."

मी वाजवलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा उजवा हात मोकळा सुटला. खाली माझी चार-सहा सुरांची ओळ चिखलातून पाय काढत चाललेली, आणि वर त्यांची बोटं कुठल्या कुठं भटकून येत, कधी हसत, कधी एकच सूर दहा वेळा विचारत, आणि बरोबर माझ्या पावलाशी येऊन उभी राहत. मला जाझ हा शब्दही नीट म्हणता येत नव्हता. पण भजनात म्हणणारा आळवत आळवत लांब जातो आणि धृपदावर परत येतो तेव्हा छातीत जे होतं, तेच झालं. मी रडले. ते हसले.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा खाली पाहिलं. त्यांचा डावा हात मांडीवर उताणा पडलेला असायचा, कायम थंड, रंगानं मेणासारखा. मी वाजवत होते तेव्हा त्या हाताची बोटं हलत होती. अगदी थोडी. माझ्या बोटांबरोबर नाही, माझ्या आधी. करंगळी हलायची, आणि मग माझी करंगळी पट्टीवर जायची.

मी थांबले. तो हातही थांबला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी दवाखान्यात अंकलचा हात तपासला, सुई टोचून पाहिली. काहीच जाणवत नव्हतं. "भास असेल," त्या म्हणाल्या. "किंवा स्नायूंची उबळ." मग विचारलं, "रोज शिकवतात तुला?"

"हो."

"मला कधी शिकवलं नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दीड वर्ष हे चाललं. शेवटच्या महिन्यात ते बोलायचे कमी झाले होते. फक्त वाजवायचे. एका शनिवारी वाजवून झाल्यावर त्यांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. तो हात गरम होता. आता आता चुलीपाशी शेकल्यासारखा. सोमवारी सकाळी पहिल्या तासाला शिपाई सांगत आला की अंकल झोपेतच गेले.

त्यानंतर क्लबाला कुलूप लागलं. किल्ली डॉक्टरबाईंकडे. मी परत गणिताची आणि पेटीची झाले. फक्त एक गोष्ट झाली. एका सकाळी मी फळ्यावर लिहीत असताना पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा हात काऊन करून राह्यला असा?"

माझा डावा हात टेबलावर होता. बोटं वाजवत होती. मी हात मागं घेतला. थोड्या वेळानं ती पुन्हा तसंच म्हणाली.

पुढं ते वाढत गेलं. वह्या तपासताना, बसच्या खिडकीपाशी बसल्यावर, जेवताना पाटावर. ओळखीची चाल असायची आधी, आमचीच. मग मी न ओळखणारी एक येऊ लागली. लांबलचक, खाली खाली उतरत जाणारी, मध्येच एका जागी अडून दोनदा तेच म्हणणारी. मला तिचा आवाज माहीत नव्हता, कारण पाटाला सूर नसतात. मी फक्त बोटं बघायची. ती चुकत नव्हती.

हिवाळ्यात अंकलच्या जुन्या शिष्यांची पत्रं डॉक्टरबाईंना आली. त्यांना आपल्या गुरूच्या नावानं संगीताची एक दुपार करायची होती, आणि ती मुंबईत नाही, तर ज्या पियानोवर त्यांनी शेवटचं वाजवलं तिथंच. तिघं येणार होते. एक ड्रमवाले, एक सॅक्सोफोनवाले, दोघंही पिकल्या केसांचे, आणि एक पन्नाशीच्या बाई, पियानो वाजवणाऱ्या.

चाचांना पुन्हा बोलावलं. डॉक्टरबाईंनी कुलूप काढलं, आम्ही तिघं आत गेलो. चार महिन्यांचं सिमेंट सगळीकडे बसलं होतं. चाचांनी झाकण उघडलं. झाकणाच्या फटीतून तेवढी धूळ आत जायचीच. पट्ट्यांवर करडी साय धरली होती. उजव्या बाजूला. मधोमध. डावीकडच्या दीड-दोन वीत पट्ट्या मात्र स्वच्छ होत्या. पांढऱ्या पांढऱ्या, काळ्या काळ्या.

"कोनी वाजवते का इथी?" चाचांनी विचारलं.

"किल्ली माझ्याकडे आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

चाचा बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मग खिशातून फडकं काढून त्यांनी सगळ्याच पट्ट्या पुसून टाकल्या, आणि कामाला लागले. संध्याकाळच्या गाडीनं जाताना माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "बाई, तुमी तिकडे एकट्या नका बसत जाऊ."

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. कॉलनीतले लोक सहकुटुंब आले, चहा आणि समोसे आहेत म्हणूनही आले. पहिली दहा मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत होते, की हे नक्की काय चाललंय. मग ड्रमवाल्या काकांनी फक्त झाडूसारख्या काड्यांनी ड्रमच्या कातड्यावर घासायला सुरुवात केली, सॅक्सोफोननं एक ओळ म्हटली, पियानोनं तिची थट्टा केली, सॅक्सोफोन रुसला, आणि मागच्या रांगेतला एक क्रेन ऑपरेटर मोठ्यानं हसला. त्यानंतर हॉल त्यांचाच झाला. बाया पदराआड पाय हलवत होत्या. प्रत्येक गाण्याआधी तिघांपैकी एक जण अंकलची एखादी गोष्ट सांगायचा: वीज गेली तेव्हा अंधारात दोन तास वाजवलं, हॉटेलचा मॅनेजर हळू वाजवा म्हणाला म्हणून सगळं गाणं एका बोटानं वाजवलं. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांच्या गल्लीत दीड वर्ष छत्री घेऊन चालणारा म्हातारा कोण होता ते त्यांना आत्ता कळत होतं. मला वाटत होतं, हे त्यांनी ऐकायला हवं होतं.

शेवटी पियानोवाल्या बाई म्हणाल्या, "सरांनी पत्रात लिहिलं होतं, की त्यांना इथं नवा डावा हात मिळालाय. त्या टीचर कुठायत?"

मी गेले. डाव्या बाजूला बसले. आमची रोवणीची चाल आम्ही वाजवली, त्यांचा उजवा, माझा डावा. छान झाली. त्यांनी शेवटचा सूर लावून हात उचलला. लोक टाळ्या वाजवू लागले.

माझा हात थांबला नाही.

मी थांबवायचा प्रयत्न केला, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. खांद्यापासून जोर लावला. पण बोटं चालू राहिली, आणि मग ती दुसरी चाल सुरू झाली, पाटावरची, जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आता ऐकला. खाली उतरत जाणारी, एका जागी अडून दोनदा तेच विचारणारी. टाळ्या विरल्या. माझ्या शेजारच्या बाई बाकावरून हळूच उठून बाजूला झाल्या. बाकाची उजवी बाजू रिकामी होती. आणि वाजत असलेली चालही अर्धीच होती. दर दोन पावलांनंतर ती थांबत होती, वर कुणीतरी उत्तर द्यावं म्हणून.

पहिल्या रांगेत डॉक्टरबाई उभ्या राहिल्या होत्या.

चाल संपली तेव्हा माझा हात पट्ट्यांवरून आपोआप घसरून मांडीवर उताणा पडला. थंडगार झाला होता. कुणी टाळी वाजवली नाही.

चहाच्या वेळी डॉक्टरबाईंनी मला बाहेर गुलमोहराखाली नेलं.

"हे तुला कधी शिकवलं?"

"नाही शिकवलं, मॅडम."

"खोटं बोलू नकोस."

"आईशपथ नाही. मला माहीतही नाही ते काय आहे."

त्यांनी झाडाच्या खोडाला हात टेकला. मग म्हणाल्या, "ममी गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. स्मशानातून घरी आल्यावर डॅडींनी बूटसुद्धा काढले नाहीत, पियानोशी बसले आणि हे वाजवलं. एकदाच. मी दाराशी उभी होते. घरात आम्ही दोघंच. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरातला पियानो विकून टाकला. मी कितीदा म्हटलं मला शिकवा, कधी शिकवलं नाही. मला वाटायचं, मला दारात उभं बघितलं म्हणून."

रात्रभर विचार केला. त्यांनी दीड वर्षात मला शेकडो लहान लहान तुकडे दिले होते. त्यातलेच काही एकामागून एक लागले असतील, असं मी स्वतःला समजावलं. खोलीत बसून आठवून पाहिलं. काही तुकडे जुळले. पण तो अडून दोनदा विचारणारा भाग त्यांनी मला कधीच दिला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

दोन दिवसांनी शाळा सुटताना डॉक्टरबाई फाटकाशी उभ्या होत्या. "मला शिकवशील?" त्यांनी विचारलं. एवढ्या मोठ्या बाई, आणि हातातली पर्स नुसती पिळत होत्या.

मी त्यांना माझ्या डावीकडे बसवलं. शिकवायचं कसं ते मला येत नव्हतं, म्हणून मी माझा हात सोडून द्यायची आणि त्या बघायच्या. त्यांचा हात हुशार होता, बोटं अगदी अंकलसारखी लांब. अडणाऱ्या जागेवर त्या रोज रडायच्या आणि रोज पुढं जायच्या. महिना-दीड महिना लागला. एका दुपारी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत न चुकता वाजवलं आणि मी म्हटलं, "आता एकदा माझ्याबरोबर." मी पट्ट्यांवर हात ठेवला.

काहीच आलं नाही. विसरल्यासारखं नाही, विसरलेली गोष्ट कुठंतरी जवळच असते. हे तिथं नव्हतंच. हातात नुसती पाच बोटं होती, खडू धरणारी. त्या दिवसापासून तो हात टेबलावर कधी वाजला नाही. वर्गातली ती मुलगी माझ्याकडे बघत राहायची, आणि शेवटी तिनंही बघायचं सोडून दिलं.

पुढच्या वर्षी डॉक्टरबाईंनी नोकरी सोडली. क्लबाकडून त्यांनी रीतसर पियानो मागून घेतला, तणसात गुंडाळून ट्रकवर चढवला आणि त्या गोव्याला आपल्या लोकांत गेल्या. माझं लग्न झालं, नवरा वनखात्यात, मी आलापल्लीला आले. तिथं सागवानाच्या डेपोत ओंडके उतरतात तेव्हा तशीच जमीन हलते. सुरुवातीला मी थांबून ऐकायची. मग सवय झाली.

बऱ्याच वर्षांनी, घरी फोन बसला त्याच्या पहिल्याच महिन्यात, डॉक्टरबाईंचा फोन आला. नंबर कुठून मिळवला देव जाणे. इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणाल्या, "ऐक," आणि रिसीव्हर कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला.

एक गाणं सुरू झालं. दोन्ही हातांचं, भरलेलं. खाली कुणीतरी जड पावलानं उतरत होतं आणि वर कुणीतरी त्याला उत्तर देत होतं, हळू, थांबून थांबून, समजावल्यासारखं. मी ओळखलं नाही. खूप सुंदर होतं. दारात माझी शेजारीण आली होती, तिला मी हातानंच थांब म्हटलं.

"ओळखलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"तूच शिकवलंस मला."

मी घाबरले, की आनंद झाला, मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, "मला डावाच यायचा. उजवा तुम्हाला कुणी शिकवला?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मी डावा वाजवत बसते. मग तो येतो."

मी त्यांना पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं.